चार वाजून दहा मिनिटांनी वाजणाऱ्या फोनचं गाऱ्हाणं

मी एक जुना टेलिफोन आहे. मोबाइल नव्हे, टेलिफोन. टेबलावर ठाण मांडून बसणारा, राखाडी रंगाचा, ज्याचा रिसीव्हर वेटोळ्यांच्या वायरने बांधलेला असतो तो. तुमच्यापैकी निम्म्यांनी मला चित्रातच पाहिलं असेल. परवा एक चिमुरडा मोठ्या बहिणीचं बोट धरून आमच्या केंद्रात आला होता. त्याने माझा रिसीव्हर उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "याचा स्क्रीन कुठे पडला?" असो. माझा राग त्याच्यावर नाही. ज्यांच्यावर आहे त्यांच्याबद्दलच आज सांगणार आहे. आणि आधीच सांगून ठेवतो मित्रांनो, माझं डोकं फिरलेलं आहे. मध्येच आवाज चढला तर समजून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे लाड वगैरे काही नव्हते. तयार झालेला प्रत्येक फोन एक माणूस कमरेइतक्या उंचीवर धरायचा आणि खाली सिमेंटवर सोडून द्यायचा. तीनदा. जो फुटला तो भंगारात, जो टिकला त्याच्या पोटावर हिरवी चिठ्ठी. मी तीनदा आपटलो आणि तीनदा उठलो. उठलो म्हणजे त्यानेच उचललं, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते.

तिथून मी थेट युवा मदत केंद्रात आलो. नाव भारदस्त, जागा मात्र वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्या आणि एक अडगळीची खोली. पुढच्या खोलीत तीन टेबलं, एक लांब बाकडं, पाण्याचा पिंप आणि फिरण्यापेक्षा कुरकुरणारा जास्त असा एक पंखा. इथे चौदा ते एकवीस वर्षांची मुलंमुली येतात. कुणाला घरातून हाकललेलं असतं, कुणाला घरच नसतं, कुणी बालगृहात वाढलेलं असतं आणि अठरा पूर्ण झाली म्हणून एका सकाळी पिशवी हातात देऊन बाहेर काढलेलं असतं. त्यांना राहायला जागा, शिकायला वर्ग आणि हाताला काम मिळवून द्यायचं, हे या केंद्राचं काम.

मला ताईच्या टेबलावर ठेवलं. ताई म्हणजे इथली समाजसेविका. सगळे तिला ताईच म्हणतात, तिच्याहून वीस वर्षांनी मोठा असलेला कारकूनसुद्धा. काय दिवस होते ते! मी वाजायचो आणि तिसऱ्या घंटेच्या आत ताई उचलायची. "कोण बोलतंय?" असं ती आधी कधीच विचारायची नाही. "बोल, ऐकतेय," एवढंच म्हणायची. एक मुलगी तीन दिवस नुसता फोन लावायची आणि श्वास घ्यायची. ताई तिला म्हणायची, "बरं, आज नको बोलूस, उद्या लाव." चौथ्या दिवशी ती पोरगी पाऊण तास बोलली. एका मुलाला आम्ही खोली मिळवून दिली होती, आयुष्यात पहिल्यांदाच एकटा राहत होता. त्याने फोन करून विचारलं, "ताई, अंडं किती वेळ उकडायचं?" ताईने सांगितलं, "दहा मिनिटं, आणि पाण्यात बुडेल असं ठेव." अर्ध्या तासाने पुन्हा त्याचाच फोन. पाणी उकळायला लागल्यापासून दहा की आधीपासून, हे विचारायचं राहिलं होतं म्हणे! मित्रांनो, त्या काळात मला कुणी फडक्याने पुसलं तरी अंगावर मूठभर मांस चढायचं.

आता कारकुनाची ओळख करून देतो. मुलं त्याला शिक्काकाका म्हणतात, कारण कागद दिसला की त्याचा हात आपोआप शिक्क्याकडे जातो. माणूस वाईट नाही. मुलांना आपल्या डब्यातलं देतो, रजा घेत नाही, पिंपात पाणी आहे की नाही ते स्वतः बघतो. पण नियम म्हटला की त्याच्यापुढे देव आला तरी रांगेत उभा करेल. आणि तिसरी मावशी. ती केर काढते, फरशी पुसते आणि सगळ्यांना बिनधास्त टोमणे मारते. या तिघांत माझा संसार चालला होता.

मग सुधारणा आली. सुधारणेला माझी ना नाही हो, पण ती येताना जरा आजूबाजूला बघत तरी यावं की नाही? वरच्या साहेबांनी ठरवलं, आता केंद्राला नवा मदत क्रमांक. राहण्याच्या जागेसाठी एक दाबा, शिक्षणासाठी दोन दाबा, प्रतीक्षा करा, आणि शेवटी एक टोकन नंबर मिळतो. ज्या फोनला टोकन पडेल तोच मोजला जाणार, तोच महिन्याच्या अहवालात जाणार. टेबलांवर चपटे काळे फोन आले. मला मावशीने दोन्ही हातांनी उचलून अडगळीच्या खोलीत नेलं आणि एका खोक्यावर ठेवलं. तिथल्या भिंतीतही जुनी जोडणी होती, सवयीने तिने माझी वायर त्यात खोचून टाकली. माझी लाइन बंद करायची तर साहेबांची सही लागत होती आणि साहेब सहा महिन्यांत इकडे फिरकले नव्हते. म्हणजे मी जिवंत होतो. मोडक्या खुर्च्या, फिनेलचे डबे, जुने फलक आणि मी.

ज्या खोक्यावर मला ठेवलं होतं, त्यात काय होतं माहीत आहे? केंद्राची कार्डं. 'अडचणीत आहात? आम्हाला फोन करा' असं छापलेली, खिशात मावणारी कार्डं. खाली ठळक अक्षरात नंबर. माझा. अशी चार खोकी भरून. नवा क्रमांक आल्यावर ताई म्हणाली होती, "ही टाकून देऊ आणि नवी छापू." शिक्काकाका म्हणाला, "ताई, जुना साठा संपल्याशिवाय नवीन छपाईला मंजुरी नाही." मग तोडगा निघाला, की नव्या नंबरच्या चिकटपट्ट्या करायच्या आणि जुन्या नंबरवर चिकटवायच्या. एका शनिवारी कॉलेजची दहाबारा मुलं मदतीला आली. त्यांनी पहिल्या खोक्यातल्या कार्डांवर पट्ट्या चिकटवल्या, खाऊ खाल्ला, खोक्यांसमोर उभं राहून फोटो काढला आणि गेली. अहवालात लिहिलं गेलं, 'कार्डांवर नवा क्रमांक चिकटवून झाला.' उरलेली तीन खोकी कुणी उघडून पाहिली नाहीत. अहवालात लिहिलंय म्हटल्यावर कोण कशाला बघतंय!

आणि मग आली टाचणी.

हे तिचं टोपणनाव, बालगृहातल्या मुलींनी ठेवलेलं. अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी. तिला अठरा पूर्ण झाली आणि बालगृहाने तिला तात्पुरतं आत्याकडे पाठवलं. आत्या चार तासांच्या अंतरावर राहते, घरात जुळी तान्ही मुलं. आत्याला टाचणी नको होती, फुकटची राबणारी हवी होती. पोरीचा मोबाइल तिने पहिल्याच दिवशी काढून घेतला. टाचणीला शिकायचं होतं ते मोटर वाइंडिंग. जळलेल्या मोटरीतली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळून मोटर पुन्हा चालू करायची, ते काम. वर्गात तिला जागा मिळाली होती. पण वर्ग या गावात, आणि इथे राहायला पलंग मिळाला तरच शिकता येणार. आमच्या गावात बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलींसाठी एकच वसतिगृह आहे. तिथे एक पलंग रिकामा होत होता. एकच.

पुढच्या खोलीत गर्दी होती म्हणून ताई तिला माझ्या खोलीत घेऊन आली. दोघी माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. टाचणी म्हणाली, "मी आत्ताच हो म्हणते. लिहून घे."

"आत्ताचं हो धरत नाहीत गं," ताई म्हणाली. "मागे मुलं घाईघाईत हो म्हणायची आणि यायचीच नाहीत, पलंग नुसते पडून राहायचे. म्हणून आता नियम केलाय. आधी घरी जाऊन विचार करायचा, आणि मग सोमवार ते शुक्रवार कधीही फोन करून होकार द्यायचा. तू स्वतः. तुझ्या वतीने मी दिलेला चालत नाही."

"माझ्याकडे मोबाइल कुठेय? दूध आणायला जाते तेव्हा वाण्याच्या दुकानातून लावेन. चार-सव्वाचारला. तुझा नंबर दे."

"माझा द्यायला परवानगी नाही. केंद्राचा देते. शुक्रवारी पाचच्या आत, लक्षात ठेव. तू लाव, मी आहेच."

असं म्हणून ताईने माझ्याखालच्या खोक्याच्या फाटक्या कोपऱ्यातून आत हात घातला. पहिल्या खोक्यात नाही हो, दुसऱ्या. मी ज्याच्यावर बसलो होतो त्यात! एक कार्ड काढलं, न बघता टाचणीच्या हातात दिलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या डोळ्यादेखत. माझाच नंबर, माझ्याच शेजारी उभं राहून. अगं बघ ना एकदा त्या कार्डाकडे, असं किंचाळावंसं वाटलं मला. पण टेलिफोनला स्वतःहून किंचाळता येत नाही. कुणीतरी लांबून लावावं लागतं, तेव्हा कुठे त्याचं तोंड उघडतं.

सोमवारी चार वाजून दहा मिनिटांनी मी वाजलो. आठ घंटा. मग बंद. खोलीचं दार लोटलेलं होतं, पलीकडे पंख्याची कुरकुर आणि नव्या फोनचं एक दाबा, दोन दाबा चाललेलं. कुणी आलं नाही.

मंगळवारी चार दहाला पुन्हा आठ घंटा. या वेळी मावशीचा आवाज आला, "अहो, आतला फोन वाजतोय. उचलू का?" शिक्काकाका म्हणाला, "नको, राहू दे. जुना नंबर आहे तो, कुणीतरी चुकून लावलाय. त्याच्यावर आलेला फोन मोजला जात नाही. आणि ते तुझं कामही नाही." ताई तेव्हा कुठे होती? नव्या फोनसमोर बसून टाचणीची वाट बघत होती! आमच्यामध्ये एक भिंत, विटेची, त्यातही दार. तिने आवाज ऐकलाही असेल. पण चुकून लागलेला फोन म्हटल्यावर तिनेही मान वर केली नाही. मित्रांनो, आता सांगा, माझं डोकं फिरेल की नाही?

बुधवारी तर कहर झाला. मी वाजायला लागलो तसा शिक्काकाका स्वतः आत आला. मला वाटलं, आला बाबा एकदाचा! त्याने मला उचललं, उलटं केलं आणि पोटाखालची बारीक पट्टी सरकवली. घंटेचा आवाज कमीजास्त करायची पट्टी असते ती. त्याने ती पार टोकाला नेली, 'मंद' कडे. "डोकं उठवलंय नुसतं," असं म्हणून निघून गेला. रिसीव्हर उचलायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ त्याने ती पट्टी शोधण्यात घालवला.

त्याच संध्याकाळी ताईने आत्याला फोन केला. ताईने नंतर मावशीला सांगितलं, आत्या म्हणाली, "ती मजेत आहे. तिला नाही यायचं तिकडे." ताईने फोन ठेवला आणि म्हणाली, "खोटं बोलतेय ती बाई." पण हो किंवा नाही हे टाचणीच्या तोंडून ऐकल्याशिवाय तिला काही करता येत नव्हतं.

गुरुवारी सकाळी नव्या यंत्रणेने, शुक्रवारची मुदत न बघताच, आपणहून एक यादी काढली. ज्यांच्या नावावर तीन दिवसांत एकही टोकन पडलं नाही, त्यांची. शिक्काकाकाने तिच्यावर शिक्का मारला आणि वसतिगृहाला पाठवून दिली. त्या यादीत कोण होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, शिक्काकाकालासुद्धा. गुरुवारी दुपारी चार दहाला मी पुन्हा वाजलो. वाजलो कसला, कण्हलो.

शुक्रवारी ताईला राहवेना. दुपारी बारा वाजता तिने पिशवी उचलली आणि म्हणाली, "मी तिच्या आत्याकडे जाऊन येते. पोरगी समोरासमोर नाही म्हणाली तर गोष्ट वेगळी." आणि बस पकडायला निघून गेली.

चार दहाला मावशी फिनेलचा डबा घ्यायला आत आली आणि मी कण्हायला लागलो. तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गप रे बाबा," म्हणाली. चौथी घंटा. पाचवी. "काय तुझं रोजचं चाललंय!" असं म्हणत तिने हातातलं फडकं खाली टाकलं आणि रिसीव्हर उचलला.

"हॅलो?"

पलीकडे, पाच दिवसांत पहिल्यांदा कुणी उचलला म्हणून पोरगी बिचकली होती.

"अगं बोल की! कोण पाहिजे?"

"ताई आहे का? मी टाचणी. तिला सांगा मी हो म्हणतेय. सोमवारपासून रोज लावतेय, कुणी उचलतच नाही. पलंग ठेवलाय ना? पाचपर्यंत आहे ना?"

"थांब हां. ठेवू नकोस. काही झालं तरी ठेवू नकोस." मावशीने रिसीव्हर खोक्यावर ठेवला आणि धावत बाहेर गेली.

मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. रिसीव्हरमधून वाण्याची कटकट, "आटप गं, गिऱ्हाईक थांबलंय." आणि दारापलीकडून शिक्काकाका, "मी तुला काय सांगितलं होतं, मावशी?"

"ओरडा नंतर. ताईची टाचणी आहे ती!"

"मग तिला सांग नव्या नंबरवर लाव. टोकन पडल्याशिवाय मला नोंद करता येत नाही."

"वाण्याच्या दुकानातून बोलतेय हो पोरगी! तिला कोण पुन्हा लावू देतंय?"

"नियम म्हणजे..."

पुढचं मावशीने ऐकलंच नाही. ती आत आली, मला बगलेत मारलं आणि वायर ताणून दाराच्या चौकटीपर्यंत नेलं. तिथे वायर संपली. चौकटीत उभी राहून तिने रिसीव्हर पुढच्या खोलीकडे धरला. बाकड्यावरची सहा मुलं टकामका बघायला लागली. "घ्या," मावशी म्हणाली. "तुम्हीच सांगा तिला तुमचा नियम. मला नाही जमायचं."

मुलांच्या देखत शिक्काकाका उठला. चार पावलं चालला आणि रिसीव्हर कानाला लावला. टाचणीने सगळं पुन्हा एका दमात सांगितलं.

"हा नंबर तुला कुणी दिला?" त्याने विचारलं.

"कार्डावर आहे. ताईने दिलंय, तुमच्याच खोलीतून काढून."

शिक्काकाकाने मावशीच्या खांद्यावरून आत पाहिलं. मग मावशीच्या हातात रिसीव्हर देऊन तो आत गेला. त्याने दुसरं खोकं उघडलं, एक कार्ड काढलं. तिसरं उघडलं, चौथं उघडलं. कुठेच पट्टी नव्हती. तो बाहेर आला आणि आपल्या काळ्या फोनवरून वसतिगृहाला फोन लावला. तिकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण तो जे बोलत होता ते पुरेसं होतं. "होकार आलाय मुलीचा, आत्ताच... काय? काल? कुणी कळवलं?... यादीत?... काय लिहिलंय नावापुढे?... अनिच्छुक?... शिक्का कुणाचा आहे?" मग त्याने फोन हळूच खाली ठेवला. पलंग गुरुवारीच दुसऱ्या मुलीला देऊन झाला होता.

तो परत आला, मावशीकडून रिसीव्हर घेतला. आणि नेमकं त्याच वेळी पलीकडून दुसराच आवाज आला. दमलेला, पण ओळखीचा.

"टाचणी! अगं इथे आहेस होय! तुझी आत्या मला घरात घेईना. दूध आणायला गेलीस म्हणाली आणि दार लावून घेतलं."

"ताई!" टाचणी ओरडलीच. "ताई, लागला गं! आज लागला फोन! काका आहेत फोनवर!"

"लागला? मग सांगितलंस ना हो म्हणून? वाजले किती? साडेचार! बस, झालं तर मग. पलंग आपला! चल, पिशवी भर, आजच घेऊन जाते तुला."

दोघी हसत होत्या. मला चांगलं ऐकू येत होतं, आणि मला ऐकू येत होतं तेच शिक्काकाकाच्या कानात जात होतं.

"बाळ, ताईला दे जरा," तो म्हणाला.

त्याने सांगितलं. काही लपवलं नाही, एवढं मात्र मी त्याच्या बाजूने सांगेन. ताई ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "शिक्का मारताना नावं वाचली नाहीत?"

"नाही."

मग ताई म्हणाली, "आणि मी कार्ड देताना नंबर वाचला नाही." आणि फोन कट झाला.

ताई तिला घेऊन आली. पलंग नसला तरी आणली, आत्याकडे ठेवणार कशी? आता टाचणी बायकांच्या रात्रनिवाऱ्यात झोपते. तिथे रोज संध्याकाळी सहाला रांगेत उभं राहायचं, जागा मिळाली तर मिळाली. सकाळी सातशिवाय दार उघडत नाहीत. आणि मोटर वाइंडिंगचा वर्ग सुरू होतो बरोबर सातला, गावाच्या दुसऱ्या टोकाला. पोरगी रोज अर्धा तास उशिरा पोहोचते आणि रोज बोलणी खाते. गुरुजींना वाटतं, हिला शिकायची इच्छा नाही.

सोमवारी ती प्रतीक्षा यादीच्या अर्जावर सही करायला केंद्रात आली. तिचा नंबर एकोणिसावा. ताईला तिच्याशी बोलायचं होतं, म्हणून तिला पुन्हा माझ्या खोलीत घेऊन आली. टाचणीची नजर माझ्यावर पडली. तिने खिशातून ते कार्ड काढलं, घामाने मऊ पडलेलं. ती पुढच्या खोलीत गेली, शिक्काकाकाला न विचारता त्याच्या फोनवरून नंबर लावला, रिसीव्हर तसाच टेबलावर ठेवला आणि परत येऊन दारात उभी राहिली.

मी कण्हायला लागलो.

"हा इथेच होता?" तिने विचारलं.

ताईने नुसती मान हलवली.

"मी इथेच उभी होते ना, ताई? याच्या शेजारी?"

"हो," ताई म्हणाली.

टाचणीने मला उचललं, उलटं केलं, जळलेली मोटर तपासावी तसं बारकाईने पाहिलं. तिला ती पट्टी सापडली. तिने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली आणि मला खाली ठेवलं. आणि मी वाजलो, मित्रांनो! असा वाजलो की शेजारच्या वाचनालयातली माणसं उठून दारात आली. टाचणी जागची हलली नाही. शिक्काकाकाच्या टेबलावरचा रिसीव्हर त्याच्या हाताशी होता, तो उचलून ठेवला असता तर मी गप्प झालो असतो. त्याने हात लावला नाही. तो खाली मान घालून बसून राहिला आणि मी वाजत राहिलो.

त्यानंतर ताईने मला पुन्हा पुढच्या खोलीत, तिच्या टेबलावर आणून ठेवलं. तीन खोकी मावशीने रद्दीत दिली, मंजुरी न घेता. शिक्काकाका हल्ली यादीतलं एकेक नाव बोट ठेवून वाचतो. चांगलं आहे, पण टाचणीला त्याचा काय उपयोग? तिच्या फाइलवर 'अनिच्छुक' अजून तसंच आहे. ते खोडायला अर्ज करावा लागतो, अर्जाला टोकन लागतं, टोकनासाठी नव्या नंबरवर फोन करायचा आणि एक दाबायचं. टाचणी दोनदा करून थकली, दोन्ही वेळा तिला प्रतीक्षा करायला सांगितलं.

म्हणून मी तुमच्यापुढे हात जोडतो, मला हात असते तर. मोठे झाल्यावर तुम्हीही कुणाला तरी नंबर द्याल, पत्ता द्याल, 'मी आहेच' असा शब्द द्याल. देण्याआधी तो नंबर एकदा स्वतः लावून बघा. आणि कुठे फोन वाजत असेल, तुमच्या टेबलावरचा नसेल, तुमचं काम नसेल, तरी उचला. मला पुसू नका, जपू नका, संग्रहालयातही ठेवू नका. फक्त माझं एवढं म्हणणं कुणीतरी लिहून घ्या आणि त्या फाइलीत लावा: ती मुलगी पाच दिवस, रोज चार वाजून दहा मिनिटांनी, हो म्हणायला फोन करत होती.